तीन मिलिमीटर डोंगर

खोटं करण्याचा मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे आणि त्याबद्दल लोकांनी माझे आभारच मानले आहेत. संगमनेरात माझा फोटो स्टुडिओ होता. नवरीच्या गालावरचे पुरळ, नवरदेवाचं सुटलेलं पोट, ग्रुप फोटोत नेमके डोळे मिटणारे मामा, सगळं मी संगणकावर नीट करून द्यायचो. आमच्या धंद्यात याला टचिंग म्हणतात. ज्याचं टचिंग ओळखू येत नाही तो खरा कारागीर, आणि मनोहर वालझाडे कारागीर होता हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

डोंगरदऱ्यांच्या फोटोंचं मात्र वेगळं. तिथे मी अगदी सोवळ्यात. पुण्यात 'निखळ' नावाचं निसर्गछायाचित्रकारांचं मंडळ आहे, त्याचा मी सुरुवातीपासूनचा सभासद. मंडळाचा नियम असा, की फोटोतला उजेड कमीजास्त करा, रंग सावरा, कडा कापा, कॅमेऱ्यातल्या धुळीचे ठिपके पुसा. पण समोर जे होतं ते काढायचं नाही, नव्हतं ते घालायचं नाही, होतं ते हलवायचं नाही. एवढ्याशा नियमावरून आमच्या बैठकांत तास तास वाद चालत. विजेची तार काढली तर चालेल का? दोन वेगवेगळ्या उजेडांतले फोटो एकावर एक बसवले तर? मी सगळ्यांत कडक. रेखा पाठारे नावाच्या बाईंनी तळ्यातली एक प्लास्टिकची पिशवी पुसली होती, तर मी भर सभेत भाषण ठोकून त्यांचं सभासदत्व रद्द करायला लावलं.

नव्या कॅमेऱ्यांत फोटोवर आपोआप खरेपणाची मोहोर उठते आणि पुढे एक ठिपका जरी हलवला तरी ती मोडते. माझा कॅमेरा जुना. जुन्या सभासदांचा शब्द मोहोरेइतकाच धरावा असा ठराव मंडळाने केला होता. तो ठरावही मीच मांडला होता.

तोवर फोनवाल्यांनी भलतीच प्रगती केली होती. फोनला डोंगर दाखवला की फोन त्याच्या मनातला डोंगर काढून देई. आभाळात ढग नसले तर घाली, धबधबा आटला असला तर सोडी. लोक खूश होते. पण त्यामुळे झालं असं, की कोट्यवधी फोटोंच्या ढिगाऱ्यात खरा फोटो शोधून सापडेना, आणि मग त्या खऱ्या फोटोची गरज आमच्यासारख्या हौशी लोकांपेक्षा शास्त्रज्ञांना जास्त भासू लागली.

त्यातली एक शास्त्रज्ञ माझ्याच घरातली. ऋता, माझी एकुलती एक लेक. नाशिकला दरडींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात ती भूवैज्ञानिक आहे. तिने 'टेहळणी' नावाचा एक प्रोग्रॅम तयार केला, आणि तो कसा चालतो हे तिने मला इतक्या वेळा समजावलं आहे की आता मीही दुसऱ्याला समजावू शकतो.

डोंगर न सांगता कोसळतो ही समजूत चुकीची. तो सांगतो, पण फार सावकाश. आत पाणी मुरतं, थर एकमेकांवरून सरकू लागतात आणि उताराचा मधला भाग फुगून पुढे येतो. आधी वर्षाला चार बोटं, मग वीतभर, मग हातभर. हा वेग कसा वाढतो यालाही शिस्त आहे. एक भागिले वेग, असा आकडा काढून दरवर्षी कागदावर मांडत गेलं तर रेघ खाली उतरत जाते, आणि ती जिथे शून्याला टेकते तो दिवस दरड कोसळण्याचा. उपग्रहाला हे नेहमी दिसत नाही, कारण तो वरून बघतो आणि उभा कडा त्याच्या नजरेआड राहतो. प्रत्येक उतारावर उपकरणं बसवायची तर सह्याद्रीत ती पुरणार कशी? पण एकाच जागेवरून वर्षानुवर्षं काढलेले फोटो असले, तर टेहळणी त्यातले खडक, भेगा, झाडांचे बुंधे असे हजारो बिंदू पकडते, जवळच्या न हलणाऱ्या बिंदूंचा आधार घेते आणि लांबचा डोंगर किती सरकला ते सांगते. अट एकच. फोटो खरा पाहिजे. म्हणून 'निखळ'चा सगळा संग्रह तिने टेहळणीत घेतला होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी ऋता जेवायला आली. जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, उंबरदरा हलवताहेत."

उंबरदरा म्हणजे अकोले तालुक्यात गडदीच्या डोंगराच्या पायथ्याला असलेलं सत्तेचाळीस घरांचं गाव. समोरच्या टेपावरून, म्हणजे लहानशा टेकाडावरून, मी अकरा वर्षं, दरवर्षी दोन नोव्हेंबरला सकाळी सात वाजता, गडदीच्या डोंगराचा एकच फोटो काढत आलो आहे. कॅमेऱ्याची तिपाई रोवायच्या जागा खडकावर टिकावाने खोदून ठेवल्या आहेत. आदल्या दिवशी मुक्काम गावात हिराबाई गोडेंच्या पडवीत.

"का हलवताहेत?" मी विचारलं.

तिने फोनवर डोंगर किती सरकला त्याचा आलेख दाखवला. डोंगराच्या डाव्या खांद्याचा फुगवटा. पहिली काही वर्षं रेघ जवळजवळ आडवी, मग चढत चढत उभी. "अकरा वर्षांत चार मीटर. आणि वेग वाढतोय. जुलैचा दुसरा आठवडा येतोय. कलेक्टरांनी कालच आदेश काढला. पावसाच्या आत गाव रिकामं. आधी निवारा शेडमध्ये, मग कायमचं तीस किलोमीटरवर."

"बाकी कुणाचे फोटो?"

"पर्यटकांचे नऊ हजार होते. सगळे फोनचे, एकही उपयोगाचा नाही. महिन्यापूर्वी उपकरणं बसवलीत, पण कोरड्या दिवसांत ती काही दाखवणार नाहीत. वर माथ्यावर भेगा सापडल्यात. टेहळणीचा सगळा भार अकरा फोटोंवर आहे, आणि अकराही तुमचे." मग तिने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने आमरस वाढला. "आख्ख्या जगात हट्टाने एक माणूस खरा फोटो काढत राहिला म्हणून ही माणसं वाचणार, पप्पा. मी अहवालात तुमचं नाव घातलंय."

मी आमरस खाल्ला. त्याची चव कशी होती ते मला सांगता येणार नाही.

ती गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन अकराही फोटो पडद्यावर ओळीने लावले. डावा खांदा. तो मी उचलला होता.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण माझ्यासारखी माणसंच अशी चूक करू शकतात. रुंद लेन्समधून काढलं की लांबचा डोंगर बुटका होतो. टेपावर उभं राहिलं की गडदीचा डोंगर अंगावर येतो, फोटोत तोच बसका दिसतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, खोटं तर लेन्स बोलतेय. नवरीचा खांदा सावरायला जे साधन वापरायचो त्यानेच मी डोंगराचा डावा खांदा किंचित वर ओढला. डोळ्यांना दिसला होता तेवढाच, असं मी स्वतःला बजावलं. हे हलवणं नाही, दुरुस्ती आहे.

पुढच्या वर्षी नवा फोटो जुन्याशेजारी ठेवला, तर नवा उगाच मरगळलेला वाटला. म्हणून तो जुन्याइतका केला आणि वर अगदी थोडासा उठाव दिला. दरवर्षी तेच. केलेल्या उठावाची डोळ्याला सवय होते आणि पुढच्या खेपेला आधीपेक्षा जास्त लागतो. अकरा वर्षांनी चार फुटी छपाईत तो खांदा मूळ जागेहून तीन मिलिमीटर वर गेला होता. गव्हाच्या दाण्याची रुंदी. प्रत्यक्षात ते चार मीटर.

मी लगेच फोन उचलायला हवा होता. उचलला नाही. पाच दिवस उचलला नाही.

लाज हे एक कारण होतंच, ते लपवत नाही. 'निखळ'मध्ये तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि ऋतानं ज्या अभिमानानं आमरस वाढला होता तो मला पुन्हा बघायला मिळाला नसता. पण खरी भीती वेगळीच होती. समजा, मी सांगितलं, गाव जागेवर राहिलं आणि जुलैत डोंगर खरंच खाली आला तर? माझ्या उठावाखाली डोंगराचा स्वतःचा उठाव नसेलच कशावरून? न बोललो तर माणसं निदान जिवंत राहतील, असं मी मनाला समजावत होतो. बेइमानीला परोपकाराचा सदरा चढवायला मला पाच दिवस पुरले.

सहाव्या दिवशी घरात बसवेना म्हणून उंबरदऱ्याला गेलो.

गावात तीन ट्रक उभे होते. दोन घरांची कौलं उतरवून झाली होती. हिराबाई पडवीत भांडी पोत्यात भरत होत्या. साठीच्या आहेत, अंगानं काटक. मला बघून त्यांनी पोतं बाजूला सारलं आणि पाण्याचा तांब्या दिला.

"या भाऊ. बरं झालं, येळेवर आलात. पुढच्या टायमाला पडवी नसंल."

"तयारी झाली का?"

"कसली तयारी. आवंदा राब भाजले नाय आमी." भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, त्याला इकडे राब भाजणं म्हणतात. तो हुकला की त्या वर्षाचं भात गेलं. "सायेब म्हन्ले, तिकडं शेड हाये, पानी हाये. शेडात भात कुठं लावायचा? पर पोरीनं तुमच्या समजावून सांगितलं सगळ्यांना. म्हन्ली, माझ्या पप्पांचं फोटू हायेत, त्यात खोट नाय. मंग आमी म्हनलं, भाऊंचं फोटू हायेत तर खरंच असंल."

"तुम्हाला काय वाटतं हिराबाई? डोंगर फुगलाय?"

त्यांनी वर बघितलं. "माझं लगीन होऊन आले तवापून हा असाच दिसतो. पर माझ्या डोळ्यांना काय कळतं? तुमचा कॅमेरा मोठा."

मी तांब्या खाली ठेवला. चाळीस वर्षं मी लोकांना त्यांच्या चेहऱ्यापेक्षा फोटोवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. ही बाई चाळीस वर्षं डोंगराकडे बघत होती आणि माझ्या फोटोसाठी स्वतःचे डोळे खोटे पाडायला तयार होती.

ऋता गावाच्या टोकाला उपकरणांजवळ होती. मी तिला एका बाजूला घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खांदा, साधन, दरवर्षीचा उठाव, आणि हे पाच दिवस.

तिने उपकरणाचं झाकण लावलं. मग विचारलं, "मूळ फायली आहेत?"

"अकराच्या अकरा. निगेटिव्ह फेकायचं नाही, ही स्टुडिओची सवय. डिस्क गाडीत आहेत."

"त्या तुम्ही बघितल्यात? मूळ फोटोत डोंगर हललाय की नाही?"

"डोळ्यानं मला काहीच कळत नाही, ऋता. म्हणून तर आणल्यात."

"मूळ फोटोतही तो हलला असेल, तर तुमच्या सांगण्यानं काहीच बदलणार नाही. आणि नसेल हलला," ती थांबली, "तर मी सत्तेचाळीस घरं उगाच उचकटलीत. मी. सही माझी आहे." तिने हात पुढे केला. मी डिस्क दिल्या. "आता घरी जा तुम्ही."

तिने संध्याकाळच्या आत कलेक्टरांना कळवलं आणि ट्रक थांबवायला लावले. माणसं उंबरदऱ्यातच थांबली, सामान अर्धं बांधलेलं, अर्धं सोडलेलं. मूळ फायली तिने स्वतः एकदा तपासल्या आणि मग ज्यांचा माझ्याशी काही संबंध नाही अशा दोघांकडून वेगवेगळ्या तपासून घेतल्या. त्यात तीन दिवस गेले. मी घरात बसून 'निखळ'ला पत्र लिहिलं आणि राजीनामा दिला. रेखा पाठारेंना वेगळं पत्र लिहिलं. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "वालझाडे, मला तुमचा राग येऊन नऊ वर्षं झाली. आता तो ठेवायला जागा नाही. एवढंच विचारते, बरं वाटतंय का?" मी म्हटलं, अजून निकाल आला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ऋताचा संदेश आला. चारच शब्द होते. "उंबरदऱ्याला या. अकरा वाजता."

एसटीनं जाताना मी पहिल्यांदाच तो डोंगर फोटोकाराच्या नजरेनं बघितला नाही. नुसता बघितला, आणि मनात म्हणालो, बाबा रे, एवढी एक वेळ जागचा हलू नकोस.

शाळेपुढच्या ओट्यावर गाव जमलं होतं. तहसीलदार होते, उपकरणांचे दोन इंजिनिअर होते. ऋताने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने मोठ्या पडद्यावर दोन रेघा लावल्या. एक लाल, उभी चढणारी. दुसरी निळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी.

"लाल रेघ आम्ही तुम्हाला आधी दाखवली होती," ती म्हणाली. "ती डोंगराची नाही. फोटोत केलेल्या बदलाची आहे. निळी रेघ मूळ फोटोंची. अकरा वर्षांत गडदीचा डोंगर हललेला नाही. माथ्यावरच्या भेगा पुन्हा तपासल्या. त्या जुन्या आहेत, आत माती भरून गवत उगवलंय. उपकरणं पावसाळाभर इथेच राहतील आणि कुणीतरी रोज ती बघेल. पण गाव हलवायची गरज नाही. बदल कसा झाला ते," आता तिने माझ्याकडे बघितलं, "ज्यांनी केला ते सांगतील."

मी उभा राहिलो. भाषणांची मला सवय आहे, पण त्या दिवशी एकही वाक्य तयार नव्हतं. मी म्हटलं, "डोंगर चांगला दिसावा म्हणून मी तो दरवर्षी थोडा वर ओढला. कुणालाच सांगितलं नाही. कळल्यावरही पाच दिवस गप्प बसलो. चूक माझी आहे, या मुलीची नाही. मला माफ करा, असं म्हणायलाही मला तोंड नाही."

 मग मागून एकजण म्हणाला, "माझी कौलं उतरवली त्याचं काय?" त्याचा आवाज चढलेला होता, आणि तो चढलेलाच असायला हवा होता. मी म्हटलं, चढवायला येतो. तो म्हणाला, "येशीलच."

हिराबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजी भाऊ, डोंगुर हाये तिथंच हाये?"

"आहे तिथंच आहे."

"आन् हुता तेवढाच हाये?"

"होता तेवढाच आहे, हिराबाई."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. आधी मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या आणि शेजारणीला ढोसत होत्या. मग ते हसणं सगळ्या ओट्यावर पसरलं. तहसीलदारांनी चष्मा काढून पुसला. ज्याची कौलं उतरली होती तो हसला नाही, पण उठून ट्रकचं फाळकं सोडायला गेला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, इतकं की मला ओट्यावर बसावं लागलं.

"बसलात काय," हिराबाई म्हणाल्या. "उठा. राब भाजायला आजून आठ दिस हायेत. सामान आत घ्यायचं का पावसात भिजवायचं?"

त्यांच्या घरची लोखंडी कोठी ट्रकमधून उतरवली होती, अर्धी भातानं भरलेली. मी एका बाजूनं हात घातला. कोठी हलेना. दुसऱ्या बाजूला कुणीतरी आलं. ऋता होती.

"पाठ सांभाळा, पप्पा," ती म्हणाली. चार दिवसांतलं तिचं हे माझ्याशी पहिलं बोलणं.

आम्ही कोठी आत नेली. मग दुसऱ्या घरची बाज, तिसऱ्या घरचा पाटा. दुपारभर तेच. मध्ये एकदा ती उंबऱ्यावर धापा टाकत थांबली आणि म्हणाली, "तो आलेख माझ्या सगळ्या लेखांत होता. इतका स्वच्छ आलेख डोंगराचा असूच शकत नाही, हे मला कळायला हवं होतं. तो तुमच्या हव्यासाचा आलेख होता."

"रागावली आहेस?"

"खूप," ती म्हणाली. "पण काल निळी रेघ आडवी आली ना, तेव्हा मी ऑफिसात खुर्चीवरून खाली बसले आणि रडले. जुलैत इथे माणसं मरणार नाहीत. रागावायला पुढे वेळ आहे."

चारच्या सुमाराला परत निघालो. तिची गाडी आपली आपण चालते, त्यामुळे तिचे हात मोकळे होते. तिने मांडीवर संगणक उघडला.

"आमच्या संचात तुमचे आणखी चौदा डोंगर आहेत," ती म्हणाली. "चौदाही ठिकाणी खाली गावं आहेत. आता एकेक करून सांगा. काय काढलं, काय घातलं, काय हलवलं. मूळ फायली मी बघणारच आहे, तरी मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"ठिपके पुसलेले सुद्धा?"

"ठिपके सुद्धा."

मी पहिल्या डोंगरापासून सुरुवात केली. एक विजेचा खांब. दुसऱ्यावर एक ढग, शेजारच्या दरीतून आणलेला. तिसऱ्यावर काहीच नाही, असं म्हटलं, मग आठवलं आणि सांगितलं. ती नुसती टाइप करत होती, मधूनच "अरे देवा" म्हणत होती. राजूर गेलं, अकोले गेलं. मला वाटलं होतं की सांगताना मान खाली जाईल, पण एकेक डोंगर जागेवर ठेवता ठेवता मला मोकळा श्वास येत होता. किती वर्षांनी, कोण जाणे.

गाडी संगमनेरात आमच्या दारात थांबली तेव्हा आम्ही सहाव्या डोंगरावर होतो. ऋताने दार उघडलं नाही. तिने गाडीला बायपासवरून आणखी एक फेरी मारायला सांगितलं.